चौदावी दुरुस्ती

चेलेस्तिनो: नववी. पान एकेचाळीस, वरून सहावी ओळ. ‘पृथ्वी फिरते’ याच्या जागी ‘पृथ्वी फिरते असं मानलं तर’.

प्रोस्पेरो: पुन्हा मानलं तर. सकाळपासून नऊ वेळा मानून झालं. बेत्तो, तुमच्या धर्मकचेरीत दुसरे शब्द शिल्लक नाहीत का?

चेलेस्तिनो: यादी मी केलेली नाही, मास्तर. मी नुसता वाचतोय. आणि मला आता बेत्तो म्हणत नाहीत. मठात गेल्याला तेरा वर्षं झाली, फ्रा चेलेस्तिनो म्हणतात.

प्रोस्पेरो: माझ्या ओसरीत बसून दुर्बिणीच्या नळीच्या भिंगाला बोटांचे ठसे लावायचास तेव्हा बेत्तोच होतास. आता काय, पांढरा झगा घातलास म्हणून नाव बदलू?

ओर्सोला: बाबा, त्यांना काम करू द्या. फादर, नवे शब्द ओळीवर लिहू की समासात?

चेलेस्तिनो: आधी मूळ शब्दांवर आडवी रेघ, मग समासात नवे. आणि ओर्सोलाबाई, रेघ जरा जाड काढा. आधीच्या आठही ठिकाणी खालचं सगळं स्वच्छ वाचता येतंय.

ओर्सोला: लेखणीचं टोक बारीक आहे.

चेलेस्तिनो: टोक तुम्हीच तासलंय.

ओर्सोला: हो. मीच तासते. या घरात लेखण्या मीच तासते, शाई मीच करते, तुमच्यासाठी ती चेस्टनटच्या पिठाची वडी केली तीही मीच. खा, गार होतेय.

चेलेस्तिनो: खातो. वरिष्ठांनी विचारलं तर सांगेन, टोक बारीक होतं. दहावी. पान त्रेचाळीस. ‘मूर्ख’ हा शब्द काढून ‘काही विद्वान’.

प्रोस्पेरो: याला माझी हरकत नाही. अर्थ तोच राहतो.

चेलेस्तिनो: मास्तर, बाहेर असं बोलू नका. पाया पडतो.

प्रोस्पेरो: बाहेर जातंय कोण? मला दारापर्यंत जायचं तर भिंत चाचपावी लागते. पुढचं वाच. अकरावी पान बावन्नवर आहे का?

चेलेस्तिनो: एक्कावन्नवर. बावन्नवर काही नाही.

प्रोस्पेरो: बघ म्हणजे. बावन्नवर माझा हिशोब साफ चुकलाय. मंगळाचं अंतर दुप्पट झालंय. पाच पंडितांनी तीन महिने पुस्तक चाळलं, बरोबर होतं तेवढं शोधून शोधून खोडलं आणि चूक जशीच्या तशी ठेवली. ओर्सोला, ती चूकही खोड. आपल्याकडून भेट.

चेलेस्तिनो: नको, यादीबाहेरचं काही खोडता येत नाही. तीही आज्ञेची अवज्ञा होईल.

प्रोस्पेरो: मग राहू दे. धर्मकचेरीने तपासून मान्य केलेली चूक आहे ती. आता तिला हात लावणारा मी कोण?

ओर्सोला: तुम्ही दोघं असेच बोलत बसलात तर संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईल. फादर, घंटेच्या आत ही प्रत तुम्हाला पोचवायची आहे ना? सहीसकट?

चेलेस्तिनो: सहीसकट. लेखकाच्या हातची दुरुस्त केलेली प्रत नमुना म्हणून कचेरीत राहणार. मग ज्याच्या ज्याच्या घरी हे पुस्तक आहे, त्याने ती पाहून आपापली प्रत खोडायची.

ओर्सोला: आणि नाही पोचवली तर?

चेलेस्तिनो: सांगितलं ना मघाशी.

ओर्सोला: पुन्हा सांगा. बाबांनी मघाशी ऐकलं नाही. ते विनोद करत होते.

चेलेस्तिनो: तर उद्या सकाळी गाडी येईल. रोमला जावं लागेल. तिथे चौकशी.

ओर्सोला: जानेवारीत. डोंगरातून. खिंडीत कमरेएवढा बर्फ आहे. गेल्या वर्षी त्या छापखानेवाल्याला नेलं, तो त्रेपन्न वर्षांचा होता. फ्लोरेन्सपर्यंतही पोचला नाही. बाबा एकाहत्तरचे आहेत.

प्रोस्पेरो: सत्तर.

ओर्सोला: एकाहत्तर. ऐकलंत ना? आता वाचा, फादर.

चेलेस्तिनो: अकरावी, बारावी आणि तेरावी सारखीच. मानलं तर, मानलं तर, मानलं तर.

प्रोस्पेरो: खोड. मतं आहेत ती. मत मांडलं काय आणि मानलं काय. उद्या माझ्यापेक्षा हुशार कुणीतरी येईल आणि तेच पुन्हा सिद्ध करेल. मतांसाठी मी बर्फात मरणार नाही, काळजी करू नकोस, पोरी.

ओर्सोला: झालं. तेरा झाल्या. चौदावी?

चेलेस्तिनो: चौदावी जरा वेगळी आहे.

प्रोस्पेरो: मला वाटलंच. सकाळपासून तुझा आवाज चौदाव्या वेळी नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा येतोय. वाच.

चेलेस्तिनो: पान साठ. तुमचंच वाक्य आहे. ‘शुक्र चंद्रासारखा कलेकलेने वाढतो आणि घटतो, म्हणजे तो आपल्याभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरतो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.’

प्रोस्पेरो: आणि याच्या जागी काय? शुक्र वाढतो असं मानलं तर?

चेलेस्तिनो: नाही. वरिष्ठ म्हणतात, मताला ‘मानलं तर’ जोडता येतं, साक्षीला जोडता येत नाही. हे साक्षीदाराचं वाक्य आहे. म्हणून ते पूर्ण खोडायचं, आणि तुम्ही बायबलच्या शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यायची.

प्रोस्पेरो: कशाची?

चेलेस्तिनो: ‘हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.’ एवढंच. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी ते वाचून दाखवतील, आणि प्रकरण बंद.

प्रोस्पेरो: गाडीला किती घोडे आहेत?

ओर्सोला: बाबा.

प्रोस्पेरो: विचारतोय फक्त. चार असतील तर खिंड निघेल.

चेलेस्तिनो: मास्तर, एक वाक्य आहे.

प्रोस्पेरो: बेत्तो, मी या गावात सत्तर वर्षं काढली. उपास मोडला नाही. तुझ्या वरिष्ठांचं लॅटिन माझ्यापेक्षा कच्चं आहे हे ठाऊक असून त्यांचं प्रवचन मान खाली घालून ऐकलं. मला मरायची भीती आहे, खोटं कशाला सांगू? पण शुभवर्तमानावर हात ठेवून खोटी साक्ष दिली तर मेल्यावर कुठे जायचं ते तूच मला सांग. तुझाच धंदा आहे तो.

चेलेस्तिनो: लोक मनात एक जोड देतात. ओठांनी म्हणायचं ‘पाहिलं नाही’, मनात म्हणायचं ‘आज सकाळी पाहिलं नाही’. मोठमोठ्या धर्मशास्त्र्यांनी याला परवानगी दिलेली आहे.

प्रोस्पेरो: देवाला मनातलं ऐकू येतं आणि ओठांवरचं येत नाही, असं त्या शास्त्र्यांना वाटत असेल. मला तसं वाटत नाही. नाही. तेरा घ्या. चौदावी मिळणार नाही.

ओर्सोला: फादर, ते पुन्हा वाचा. शपथेचे शब्द.

चेलेस्तिनो: ‘हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.’

ओर्सोला: बाकी काहीच नाही? शुक्र वाढतो की नाही, फिरतो की नाही, त्याबद्दल काही?

चेलेस्तिनो: नाही. वाक्य खोडायचं आणि ही शपथ.

ओर्सोला: मग घ्या, बाबा.

प्रोस्पेरो: तू ऐकलंस ना मी काय म्हणालो?

ओर्सोला: ऐकलं. तुम्ही घ्या. त्यात खोटं काही नाही.

प्रोस्पेरो: ओर्सोला, स्वयंपाकघरात जा.

ओर्सोला: मी तेहतीस वर्षांची आहे. मला स्वयंपाकघरात पाठवू नका.

प्रोस्पेरो: वडी आण फादरसाठी.

ओर्सोला: वडी त्यांच्या हातात आहे. बाबा, मी बारा वर्षं बोलले नाही. आज बोलले नाही तर उद्या गाडी येईल, आणि मग बोलून उपयोग नाही. फादर, त्यांनी पाहिलेलं नाही.

चेलेस्तिनो: म्हणजे?

ओर्सोला: म्हणजे पाहिलं नाही. त्यांना तेव्हाच दिसत नव्हतं.

चेलेस्तिनो: तेव्हा कसं? डोळे तर आता चार-पाच वर्षांत गेले. सगळं गाव जाणतं.

ओर्सोला: गावाला उशिरा कळलं. सूर्यावरचे डाग बघायचे म्हणून सुरुवातीला उघडाच डोळा नळीला लावायचे. सूर्याचं बिंब कागदावर पाडून बघायची युक्ती पुढे आली, तोवर व्हायचं ते झालं होतं. उजव्यात काहीच राहिलं नव्हतं, डाव्यात धुरकट. ताट दिसायचं, ताटातलं दिसायचं नाही. शुक्राच्या वेळी असं होतं.

प्रोस्पेरो: बस कर.

चेलेस्तिनो: पण मी होतो ना इथे. त्याच्या आदल्या वर्षी. नळीला डोळा लावून बसायचे, आणि मग मला म्हणायचे, ‘आता तू सांग, बेत्तो, काय दिसतंय ते.’

ओर्सोला: हो.

चेलेस्तिनो: मला वाटायचं, परीक्षा घेतायत. अरे देवा. मी घाबरून एकेक गोष्ट नीट सांगायचो. चुकलो तर ओरडा बसेल म्हणून.

ओर्सोला: तुम्ही गेलात मठात. मग मी उरले. मला म्हणायचे, ‘तुलाही तेच दिसतंय ना?’ आणि मी काय दिसतंय ते सांगायचे. मग म्हणायचे, ‘बरोबर, मलाही तेच.’ पाच महिने रोज संध्याकाळी. मी सांगायचे, तेच त्यांना दिसायचं.

प्रोस्पेरो: झालं तुझं? बापाला पाहुण्यासमोर उघडं पाडलंस?

ओर्सोला: पाडलं. बर्फात गाडण्यापेक्षा बरं.

चेलेस्तिनो: मास्तर, हे खरं आहे?

प्रोस्पेरो: तुला काय वाटतं, मी ठरवून केलं? मी नळीला डोळा लावायचो. उजेडाचा एक डाग दिसायचा. ती म्हणायची, ‘बाबा, कोर झाली.’ आणि मला कोर दिसायची. शपथेवर सांगतो, दिसायची. खाली येऊन लिहायला बसलो की वाटायचं, मीच पाहिली. आणि मग त्या वाक्याशी आलो. ‘कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.’ ते लिहिताना हात थांबला होता. खोटं बोलणार नाही, थांबला होता.

ओर्सोला: थांबला होता. माझा हात. मला आठवतं. तुम्ही सांगत होतात, लिहीत मी होते.

प्रोस्पेरो: तू काही म्हणाली नाहीस.

ओर्सोला: काय म्हणणार होते? मी वाट पाहिली. वाटलं, तुम्ही पुढे म्हणाल, ‘माझ्या मुलीने पाहिलं.’ तुम्ही म्हणालात, ‘पूर्णविराम दे.’

प्रोस्पेरो: एका मुलीने गच्चीवरून शुक्राची कोर पाहिली असं छापलं असतं तर पादुआच्या विद्यापीठात लोक हसून लोळले असते. पुस्तक कुणी उघडलं नसतं.

ओर्सोला: तेही खरं. पण तुम्ही एवढ्यासाठीच लिहिलं नाहीत, असं नाही.

प्रोस्पेरो: नाही. एवढ्यासाठीच नाही. चाळीस वर्षं ज्याला लोक आकाशाचा डोळा म्हणायचे, त्याला ताटातलं दिसत नाही, हे सांगायला जीभ रेटेना.

चेलेस्तिनो: म्हणजे शपथ खरी आहे. शब्दाशब्दाने खरी. मास्तर, मनात काही जोडायलाही नको. तुमचा जीव वाचला.

प्रोस्पेरो: तुला हे सोपं वाटतंय. खोटी शपथ घेतली असती तर निदान गावाला कळलं असतं की म्हातारा दबावाखाली बोलला. डोळे मिचकावले असते लोकांनी. ही शपथ मी खरी म्हणून घेणार, आणि माझ्या आवाजात ते ऐकू येणार. रविवारी सगळे म्हणतील, अरे, याने पाहिलंच नव्हतं. पुस्तकच थोतांड.

चेलेस्तिनो: तुमच्या आवाजात कुणाला ऐकू येणार नाही. वाचणार उपधर्मगुरू, आणि त्याचा आवाज शेळीसारखा आहे.

प्रोस्पेरो: थट्टा करू नकोस.

चेलेस्तिनो: तुमच्याकडूनच शिकलो. ऐका, मास्तर. मी कचेरीत बसतो, येणारी-जाणारी पत्रं मी लावतो. या पुस्तकाच्या दोनशे प्रती आल्प्सपलीकडे गेल्यात. तिथे ही यादी पोचत नाही, आणि पोचली तर तिच्यात मासे बांधतील. व्हेनिसला आता चष्मेवाला नळ्या विकतो. गेल्या महिन्यात आमच्या मठाच्या वैद्याने एक घेतली. म्हणे, रोग्यांचे घसे बघायला. संध्याकाळी तो पश्चिमेच्या खिडकीत का उभा असतो, हे मी त्याला विचारलेलं नाही. शुक्र काही आमच्या कचेरीत येऊन शाई लावून घेणार नाही.

प्रोस्पेरो: तू असलं बोलतोस त्या झग्यात?

चेलेस्तिनो: या खोलीत बोलतो. बाहेर मी फक्त वाचतो.

प्रोस्पेरो: आणि ते जर विचारतील, की मग पाहिलं कुणी? तिला नेतील?

चेलेस्तिनो: यादीत प्रश्न फक्त लेखकाला आहे. लेखकाच्या घरातल्या बाईने आकाशात काही पाहिलं असेल, हे पाचांपैकी एकाही पंडिताच्या डोक्यात आलेलं नाही. मीही ते त्यांच्या डोक्यात घालणार नाही.

ओर्सोला: बघा. आज पहिल्यांदाच ते फायद्याचं ठरलं.

प्रोस्पेरो: ओर्सोला, इकडे ये. बस. तुझा हात दे. हा शाईने ओला का?

ओर्सोला: तेरा ओळी खोडल्यात, बाबा.

प्रोस्पेरो: तेरा माझ्या होत्या. चौदावी तुझी आहे. शुक्र तू पाहिलास. पुस्तकात तुझं एवढंच होतं, तेही माझ्या नावावर. आता ते खोडायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. मला तो हक्क नाही. तू नाही म्हणालीस तर मी गाडीत बसेन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

ओर्सोला: असं मला विचारू नका.

प्रोस्पेरो: एकदा तरी विचारू दे.

ओर्सोला: मला राग येतो, बाबा. तुम्हाला माहीत नाही किती. पुस्तक छापून आलं तेव्हा मी पान साठ उघडून तासभर बघत बसले होते. माझं नाव नव्हतं, पण ते तिथे होतं. मला वाटायचं, मी मेल्यावरही ते तिथे असेल. आणि आता तेही गेलं, तेही माझ्याच हाताने.

चेलेस्तिनो: ओर्सोलाबाई, मी खोडतो हवं तर.

ओर्सोला: नाही. लेखणी इकडे द्या, बेत्तो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही त्याला. बाबा, मी खोडते. शुक्र वर्ष-दीड वर्षात पुन्हा कोर होऊन येईल, नाही पाहिला तरी येईल. तुम्ही गेलात की गेलात. मला तुम्ही हवे आहात. खोटारडे, हट्टी, कसेही.

(बराच वेळ कागदावर लेखणी चालल्याचा आवाज.)

चेलेस्तिनो: हे शुभवर्तमान. मास्तर, उजवा हात. अजून थोडा डावीकडे. हं. म्हणा.

प्रोस्पेरो: मी, प्रोस्पेरो गिस्लार्दी, शपथेवर सांगतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

चेलेस्तिनो: इथे सही. ओर्सोलाबाई, त्यांचं बोट ओळीवर ठेवा. हो. झालं. घंटेला अजून वेळ आहे. मास्तर, मी निघतो.

प्रोस्पेरो: बेत्तो.

चेलेस्तिनो: हां.

प्रोस्पेरो: तेव्हा तू जे जे सांगायचास, ते सगळं बरोबर असायचं. मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी नजर फार चांगली होती. मठात गेलास तेव्हा मला वाईट वाटलं, आणि स्वार्थ म्हणूनही वाटलं.

चेलेस्तिनो: आता सांगितलंत, पुष्कळ झालं. येतो. ओर्सोलाबाई, दार मी ओढून घेतो, थंडी आत येतेय.

ओर्सोला: गेले. बाबा, शाल घ्या. हात किती गार पडलेत. सूप गरम करू?

प्रोस्पेरो: नंतर. तू बस. मला एक विचारायचंय. तो दिसायला कसा होता?

ओर्सोला: कोण?

प्रोस्पेरो: शुक्र. पहिल्या दिवशी, कोर झाली म्हणालीस तेव्हा.

ओर्सोला: वहीत आहे की. टोकं पूर्वेला, रुंदी चंद्राच्या...

प्रोस्पेरो: ते आकडे मला पाठ आहेत. आकडे नकोत. दिसायला कसा होता?

ओर्सोला: हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

प्रोस्पेरो: विचारलं असतं तर मला दिसत नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आता शपथेवर कबूल केलंय. आता विचारता येतं.

ओर्सोला: लहान होता. अगदी लहान, कापून पडलेल्या नखाएवढा. आणि पांढरा, पण चंद्रासारखा नाही, त्याहून कोवळा. आकाश अजून निळं होतं. तो थरथरत होता, चुलीवरच्या वाफेतून काही बघावं तसा. मी श्वास धरून बसले होते, कारण श्वास सोडला की नळी हलायची. मला रडू यायला लागलं.

प्रोस्पेरो: का गं?

ओर्सोला: तुम्ही शेजारीच उभे होतात. मला इतकं वाटत होतं, तुम्हाला दाखवावा.